मेंदूच्या लहरी आणि आजींची तिथी

स्मृतिभ्रंशाच्या पूर्वनिदानाचा विषय निघाला की मला एका आजींची आठवण होते. लग्नानंतर इंदुरास आलेल्या आणि पन्नासहून अधिक वर्षे राजवाड्याच्या परिसरात राहिलेल्या या आजींची स्मरणशक्तीची तपासणी एका रुग्णालयात हिंदीतून झाली. ‘सध्या कोणता महिना चालू आहे?’ या प्रश्नास त्यांनी ‘श्रावण’ असे उत्तर दिले. तपासणाऱ्या तरुणाने भिंतीवरील पंचांगात पाहिले. तेथे भाद्रपद होता. आपला महिना अमावास्येस संपतो, माळव्यातील पौर्णिमेस; म्हणून आपली श्रावण वद्य पंचमी ही येथील भाद्रपद कृष्ण पंचमी ठरते. आजींचे उत्तर अचूक होते. गुण मात्र शून्य मिळाला.

परप्रांतात स्थिरावलेल्या आपल्या समाजातील वृद्धांची ही अडचण जुनीच आहे. स्मरणशक्तीच्या प्रचलित चाचण्या भाषा आणि शिक्षण यांवर बेतलेल्या असतात. त्यामुळे भाषेची मध्यस्थी न लागणाऱ्या मोजमापाची कल्पना मोहक वाटणे स्वाभाविक आहे. मेंदूच्या विद्युत्लहरींचा आलेख, म्हणजेच ई.ई.जी., हे असे मोजमाप होय.

जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या लहरींची पहिली नोंद घेतली व १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या निरोगी प्रौढाच्या डोक्याच्या मागील भागात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लय आढळते. अल्झायमर विकारात ही लय मंदावते, थीटा लहरींचे प्रमाण वाढते आणि पुढे डेल्टा लहरीही वाढू लागतात. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले आहे. त्यांच्या ‘फास्टबॉल’ चाचणीत व्यक्तीसमोर चित्रे झरझर सरकतात. त्यांतील काही तिने आधी पाहिलेली असतात. मेंदूने ती ओळखली की नाही, हे लहरींवरून कळते. व्यक्तीला काहीच बोलावे लागत नाही. २०२१ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांवरील आणि २०२५ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही चाचणी अवघ्या तीन मिनिटांची असून घरीही करता येते.

हे संशोधन स्वागतार्ह आहेच. परंतु त्याच्या आधारे आपल्या शहरांत उद्या ‘मेंदूलहरी तपासणी शिबिरे’ भरू लागली, तर मी त्यांस विरोध करीन. त्यामागचा हिशेब साधा आहे. साठीपुढील १००० व्यक्तींपैकी ७० जणांना विकार आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ८५ टक्के अचूक आहे, असे उदाहरणापुरते धरू. ती सुमारे ६० रुग्ण ओळखील. पण त्याचबरोबर सुमारे १४० निरोगी व्यक्तींवरही संशयाचा शिक्का मारील. त्या १४० कुटुंबांची झोप उडेल, त्याचे उत्तरदायित्व कोणाचे? शिवाय लहरींना भाषा नसली, तरी त्या परिस्थितीपासून अलिप्त नसतात. अपुरी झोप, झोपेच्या गोळ्या, चयापचयातील बिघाड यांनी आलेख बदलतो. रंगीत नकाशे छापून देणाऱ्या यंत्रास हे विचारण्याची सोय नसते. ते वैद्यालाच विचारावे लागते.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे, आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. त्या आजींचा ई.ई.जी. मीच करविला आणि तो प्राकृत आला. आरंभीच्या अवस्थेत तो पुष्कळदा प्राकृत असतो, हे मला ठाऊक होते. परंतु मुलाच्या चेहऱ्यावरील आनंद पाहून मी ते पुरेसे ठासून सांगितले नाही. तो अहवाल कपाटात गेला आणि आजींचे माझ्याकडे येणे थांबले. दोन वर्षांनी त्या स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी, घर कोणते हे न उमगून, उभ्या राहिलेल्या आढळल्या. त्यांची तिथी खरोखरच बरोबर होती. पण ‘गॅस दोनदा उघडा राहिला’ असे सूनबाई सांगत होत्या, तेही तितकेच खरे होते. गुणपत्रिकेने आजींवर अन्याय केला, तर आलेखाने आम्हां सर्वांना गाफील ठेवले. सूनबाईंचे म्हणणे मात्र कोणीच नीट लिहून घेतले नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम घरातील माणसांचे म्हणणे ऐकावे. मग श्रवणशक्ती, बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉईड, नैराश्य आणि चालू असलेली औषधे तपासावीत; यांतील बहुतेक कारणांवर उपाय आहेत. त्यानंतर निश्चित प्रश्न मनात धरून ई.ई.जी. मागावा. विसर झटक्याझटक्याने पडत असेल तर अपस्माराची शंका, ऱ्हास अतिवेगाने होत असेल तर क्रॉइट्झफेल्ड-याकोब विकाराची शंका, आणि भान सतत कमीजास्त होत असून भासही होत असतील तर ल्यूई पिंडांच्या स्मृतिभ्रंशाची शंका पडताळण्यास हा आलेख आजही मोलाचा आहे. आणि आलेख प्राकृत आला, तरी पुढील भेटीची तारीख दिल्यावाचून रुग्णास निरोप देऊ नये.

आपल्या मंडळास दोन गोष्टी सहज शक्य आहेत. स्मरणचाचणीचा एक मराठी तक्ता तयार करावा, ज्यात इंग्रजी तारखेइतकीच आपली तिथीही ग्राह्य असेल. तसेच ज्यांचे ई.ई.जी. होतात, त्यांच्या मूळ डिजिटल नोंदी त्यांच्या संमतीने जतन कराव्यात. परक्या देशातील सरासरीशी तुलना करण्यापेक्षा, त्याच व्यक्तीच्या तीन वर्षांपूर्वीच्या आलेखाशी केलेली तुलना कदाचित अधिक काही सांगून जाईल.

यंत्रे येतील, स्वस्तही होतील. त्यांचा उपयोग आपण अवश्य करावा. मात्र दारात उभ्या असलेल्या आजींना त्यांच्या भाषेत ‘आज तिथी कोणती?’ असे विचारण्याचे आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सुनेकडे लक्ष देण्याचे काम आपल्याकडेच राहणार आहे.