भांडायचे तर भगवतीवर भांडा

जवळपास चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर मुंबई महापालिकेला पुन्हा 227 नगरसेवकांचे सभागृह मिळाले. आधीच्या सभागृहाची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली. 2023, 2024 आणि 2025 चे अर्थसंकल्प प्रशासकांनी मांडले आणि प्रशासकांनीच मंजूर केले. 15 जानेवारी 2026 च्या मतदानाने तो खंड संपला. आता सत्ताधारी आणि विरोधक समोरासमोर बसतील, आवाज चढतील, सभात्यागही होतील. त्याला आमची हरकत नाही. मात्र हे भांडण रुग्णालये, कर आणि शाळा यांवर व्हावे आणि त्याची सुरुवात बोरिवलीच्या भगवती रुग्णालयापासून व्हावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

मुलुंड आणि दहिसरपर्यंतचा पट्टा बृहन्मुंबईत आला 1957 साली. 2011 च्या जनगणनेत शहर जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे 31 लाख, उपनगर जिल्ह्याची 93 लाखांहून अधिक. केईएम, नायर आणि शीव ही पालिकेची तिन्ही मोठी रुग्णालये मात्र शहरात आहेत. उपनगरांच्या वाट्याला कूपर, राजावाडी, जोगेश्वरीचे ट्रॉमा केअर, कांदिवलीचे शताब्दी, मुलुंडचे अगरवाल. यांच्यापैकी कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात सकाळी आठला जाऊन पाहावे. केसपेपरच्या खिडकीपासून रांग आवाराबाहेर गेलेली असते. आत डॉक्टर तपासतो आणि औषधांच्या यादीतल्या दोन-तीन नावांवर गोल करून सांगतो, ‘ही बाहेरून आणा.’ 2024-25 च्या अर्थसंकल्पात ‘शून्य प्रिस्क्रिप्शन’ची घोषणा झाली, तरी फाटकासमोरच्या मेडिकलवाल्याची गर्दी हटलेली नाही. आजार गंभीर असेल तर पुढची चिठ्ठी शीव किंवा केईएमची मिळते. पेशंटला घेऊन बोरिवलीहून परळ गाठायचे, तेही गर्दीच्या वेळी, म्हणजे काय हे लोकलने जाणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

अशा स्थितीत भगवतीची नवी इमारत खासगी भागीदारीत चालवण्याचा मार्ग प्रशासनाने पुढे केला. कर्मचारी संघटना आणि विरोधी पक्ष त्याविरुद्ध उभे राहिले. गोवंडीच्या शताब्दीवरूनही हाच वाद पेटला. हा खरा धोरणात्मक मतभेद आहे. आमचे मत स्पष्ट आहे: सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने चालवणे हे 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 61 नुसार पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ते खाटांच्या टक्केवारीचे करार करून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येणार नाही. परंतु विरोध करणाऱ्यांनीही डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञांचा पगार कोठून द्यायचा, याचे उत्तर दिले पाहिजे.

कारण इमारत भांडवली खर्चातून उभी राहते आणि रुग्णालय महसुली खर्चातून चालते. 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. त्यातले 43 हजार कोटींहून अधिक, म्हणजे सुमारे 58 टक्के, भांडवली कामांसाठी होते. आरोग्याला साधारण दहा टक्के मिळाले. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता हवाच आहे, उपनगरांनी त्याची पुष्कळ वर्षे वाट पाहिली. परंतु रस्ता किती आणि रुग्णालय किती, हे प्रमाण एकाही निवडून आलेल्या माणसाने सभागृहात मत देऊन ठरवलेले नव्हते.

उत्पन्नाचे तसेच. 2017 च्या जाहीरनाम्यात शिवसेनेने 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करमाफीचे वचन दिले. 2019 मध्ये फडणवीस सरकारने फक्त सर्वसाधारण कर माफ केला, त्यामुळे बिले येतच राहिली. 1 जानेवारी 2022 रोजी उद्धव ठाकरे यांनी संपूर्ण माफी जाहीर केली. सुमारे 16 लाख घरांना तिचा लाभ झाला. ताज्या निवडणुकीत ठाकरे बंधूंनी ही मर्यादा 700 चौरस फुटांवर नेण्याचे आश्वासन दिले. घाटकोपरच्या चाळीतून इमारतीत गेलेल्या कुटुंबाला हा दिलासा मोलाचा आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण माफीवर आपल्या पक्षांचे भांडण झाले ते श्रेयाचे. त्यामुळे घटणारे उत्पन्न कशातून भरून काढायचे, हे एकाही पक्षाने मतदाराला सांगितले नाही. 2025-26 मध्ये मालमत्ता कराचा अंदाज होता 5,200 कोटी, एकूण अर्थसंकल्पाच्या सात टक्क्यांच्या आसपास. जकातीच्या जागी राज्याकडून मिळणारी भरपाई सुमारे 14 हजार कोटी. ज्या शहराचा सर्वांत मोठा हप्ता मंत्रालयातून येतो, त्याने स्वतःचे उत्पन्न सोडताना दोनदा विचार करायला हवा.

मुलुंड, पार्ले, बोरिवलीतल्या अनेक घरांतली मुले अमेरिकेत आहेत. तिथला पक्षभेद त्यांच्या विम्याच्या हप्त्यापर्यंत पोहोचतो. ओबामांचा आरोग्य कायदा मार्च 2010 मध्ये संमत झाला, तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे एकही मत त्याला मिळाले नव्हते. जुलै 2025 मध्ये ट्रम्प यांनी करकपात आणि गरिबांच्या आरोग्य योजनेतली कपात एकाच कायद्यात आणली. विम्याच्या अनुदानाला मुदतवाढ द्या, या डेमोक्रॅट्सच्या मागणीवरून 1 ऑक्टोबर 2025 पासून 43 दिवस सरकारी कामकाज ठप्प झाले. पगाराविना राहिलेल्या कर्मचाऱ्यांचे त्यात हाल झाले. तो हट्ट आपल्याला नको. घेण्यासारखे एकच आहे: कोणत्या प्रतिनिधीने कोणत्या बाजूने मत दिले, हे तिथल्या मतदाराला नावानिशी पाहता येते.

आपल्याकडे शाळांवर तर भांडण झाले आणि शाळा बाजूलाच राहिल्या. पहिलीपासून हिंदीचा 16 एप्रिल 2025 चा शासन निर्णय चुकीचाच होता. त्याविरुद्ध राज्यभर संताप उसळला आणि 29 जूनला सरकारला माघार घ्यावी लागली. त्या लढ्याचे आम्ही स्वागत केले. पण महापालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग वर्षानुवर्षे रिकामे होत आहेत. मराठी अभ्यास केंद्रासारख्या संस्था त्यासाठी सातत्याने ओरडत आहेत आणि पक्षांना त्याची आठवण निवडणुकीपुरती होते. जोगेश्वरीच्या पूनमनगरमध्ये पालिकेने सीबीएसईची शाळा सुरू केली, तेव्हा पालकांची रीघ लागली. म्हणजे पालिकेच्या शाळेवर लोकांचा राग नाही, त्यांना दर्जा हवा आहे. तोच दर्जा मराठी माध्यमाला का दिला नाही, हा प्रश्न त्या वेळच्या आणि आजच्याही सत्ताधाऱ्यांना विचारावा लागेल. प्राथमिक शाळाही त्याच कलम 61 मध्ये आहेत.

सभागृहाने आता अर्थसंकल्पातल्या आरोग्य आणि शिक्षणाच्या तरतुदींवर स्वतंत्र चर्चा घ्यावी. आवाजी मतदानावर वेळ मारून न नेता नावनिशीवार मतदान घ्यावे. करमाफीचा प्रत्येक प्रस्ताव घटणाऱ्या उत्पन्नाच्या आकड्यासह मांडावा. अंधेरी ते दहिसर आणि घाटकोपर ते मुलुंडच्या वाचकांना आमची विनंती आहे: नगरसेवक हळदीकुंकवाला किंवा सोसायटीच्या कार्यक्रमाला येतील, तेव्हा त्यांना विचारा, भगवती पालिकेने चालवावे की खासगी संस्थेने, आणि सभागृहात तुम्ही मत कोणत्या बाजूने देणार?