किल्लीचे भोक नसलेले कुलूप

नव्या औषधांची माहिती देताना कुलूप-किल्लीचा दाखला हमखास दिला जातो. पेशीतले बिघडलेले प्रथिन हे कुलूप आणि त्यात नेमके बसणारे औषध ही किल्ली. पण कुलपाला भोकच नसेल तर? सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ प्रा. केव्हन शोकाट यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला.

त्याआधी, १९९० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठात असताना, त्यांचा विषय होता काइनेज ही प्रथिने. माणसाच्या शरीरात ती पाचशेहून अधिक आणि सगळ्यांची कुलपे जवळजवळ सारखी. त्यातले एकच कसे बंद करायचे? शोकाट यांनी उलटा विचार केला. एका काइनेजच्या खोबणीत बदल करून ती मोठी केली आणि तिच्यातच मावेल, इतरांत शिरणार नाही, असा जाड रेणू बनवला. किल्ली जमेना म्हणून त्यांनी कुलूपच बदलले!

पुढचे आव्हान मोठे होते. रास कुळातील जनुकांच्या बिघाडाने माणसाला कर्करोग होतो, हे १९८२ सालीच कळले होते. त्यांतले केरास हे पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देणारे बटण. बिघडले की ते चालूच राहते. पण या प्रथिनाचा पृष्ठभाग गुळगुळीत, औषधाने पकडायचे कुठे? ‘याच्यावर औषध होणे नाही’ असा शिक्काच त्यावर बसला.

शोकाट यांच्या गटाने या बिघाडाचा एकच प्रकार निवडला. त्यात बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी सिस्टीन हे अमिनो आम्ल येते आणि सिस्टीनमधल्या गंधकाला रेणू घट्ट बांधता येतो. ४८० लहान रेणू तपासल्यावर काही चिकटले आणि त्यांच्याखाली आजवर कुणाला न दिसलेली खोबण उघडी झाली. निरोगी प्रथिनात हे सिस्टीन नसते, म्हणून ते सुटते. रोगाचा बिघाडच रोगाचा घरभेदी ठरला! २०१३ साली ‘नेचर’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या निबंधावर पहिले नाव आहे एका विद्यार्थ्याचे.

या वाटेवरचे पहिले औषध, सोटोरासिब, मे २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅडाग्रासिब आले.

मात्र वाचकहो, हा रामबाण उपाय नव्हे. सोटोरासिबच्या चाचणीत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १२४ रुग्णांपैकी सुमारे ३७ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. पण निम्म्या रुग्णांत सात महिन्यांच्या आतच रोग पुन्हा वाढला किंवा मृत्यू ओढवला. शिवाय हा बिघाड प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्यांत दिसतो आणि आशियाई रुग्णांत पाश्चात्त्यांपेक्षा कमी आढळतो. म्हणून घरात असा रुग्ण असेल तर औषधाच्या नावामागे धावण्याआधी डॉक्टरांना विचारावे, “गाठीची जनुकीय तपासणी झाली का? त्यात कोणता बिघाड निघाला?”

आणि मुलीने रसायनशास्त्र घेतो म्हटले, तर ‘त्याचा उपयोग काय?’ असे लगेच विचारू नये. १९८२ चे कोडे औषधापर्यंत पोहोचायला ३९ वर्षे लागली. या औषधालाही चुकवून रोग परततो कसा, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत माणसे लागणारच आहेत.