घरीं कुटलेलें तिखट

आमच्या नंदुरबारच्या मिरचीची ख्याति वाचकांस नव्यानें सांगावयास नको. हंगामांत गांवाबाहेरच्या पथारी लालभडक दिसूं लागतात, आणि तरीहि तयार तिखटाची पुडी आणणारीं घरें गांवांतच पुष्कळ आहेत! आमच्या घरीं मिरची निवडून, डंक्यावर समक्ष उभें राहून कुटून आणण्याचा परिपाठ अद्याप मोडलेला नाहीं. पुडींत काय मिसळलें आहे तें डोळ्यांस कळत नाहीं, एवढेंच त्याचें कारण.

हें आठवण्याचें निमित्त असें कीं, पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा आमचा नातू गेल्या दिवाळींत एक विलक्षण उद्योग घेऊन घरीं आला. मनुष्यानें लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेंत उतरवून देणारा जो दुभाषी, त्यास कंपायलर म्हणतात. जी. सी. सी. नांवाचा असा कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केला. त्याची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें प्रा. उदय खेडकर यांनीं त्याच्या अंतरंगाचा अभ्यास करणाऱ्यांसाठीं कार्यशाळाहि घेतल्या आहेत. तयार कंपायलर फुकट मिळत असतां चिरंजीवांस तो संहितेपासून स्वतः बांधावयाचा होता, आणि तोहि तीन यंत्रांवर.

त्याच्या वडिलांच्या विंडोजवर युनिक्स पद्धतीच्या आज्ञा चालाव्या म्हणून आधीं एम्‌सिस-२ची मांडणी करावी लागली. त्याच्या आतेबहिणीच्या मॅकवर ‘जीसीसी’ म्हणून हांक मारली तर ‘ओ’ देतो तो क्लँग नांवाचा निराळाच कंपायलर! लिनक्सवर मात्र त्याची एक संध्याकाळ फुकट गेली. संहिता त्यानें विंडोजवर उतरवून घेऊन पेन-ड्राइव्हनें तिकडे नेली होती. ओळ संपल्याची खूण विंडोजमध्यें दोन अक्षरांची, लिनक्समध्यें एकाच. आणि उतरवून घेतांना गिट या साधनानें विंडोजच्या रीतीप्रमाणें प्रत्येक ओळीस तें अधिक अक्षर जोडून दिलें होतें. पडद्यावर न दिसणाऱ्या त्या अक्षरानें सारें काम अडलें. विद्यार्थ्यांच्या वह्यांतील गळलेले विसर्ग शोधण्यांत आमचें आयुष्य गेलें. आम्हांस त्याची दया आली.

पुढचा प्रकार मात्र आम्ही खुर्ची ओढून पाहिला. जुना कंपायलर संहितेवरून नवा कंपायलर घडवितो. तो नवा त्याच संहितेवरून दुसरा, व दुसरा तिसरा. मग दुसरा व तिसरा अक्षरशः ताडून पाहतात. भेद निघाला कीं काम तेथेंच थांबतें. आमच्या वैदिकांनीं पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ योजून संहिता राखली ती याच बुद्धीनें.

“परंतु गुरूच चुकीचें शिकला असेल तर?” आम्हीं विचारलें. “सारे शिष्य एकसारखेंच चुकीचें म्हणतील, आणि ताळा मात्र बरोबर येईल.”

“आबा, अगदीं हेंच केन थॉम्पसन यांनीं १९८३ सालीं ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत दाखविलें होतें!” संहिता निर्दोष असूनहि कंपायलर आपल्या संततींत चोरदरवाजा गुपचूप उतरवूं शकतो. म्हणजे मिरची शुद्ध, भेसळ डंक्यांतच! यावर डेव्हिड व्हीलर यांनीं २००५ सालीं उपाय मांडला तो असा: त्या परंपरेशीं संबंध नसलेल्या दुसऱ्या कंपायलरकडून तीच संहिता बांधवून घ्यावी, तिच्याकडून पुन्हां बांधवावी, आणि शेवटचीं फळें ताडावीं.

“मग मॅकवरच्या क्लँगचें फळ तुझ्या लिनक्सशीं ताडून पाहा कीं.”

तो हंसला. दोन यंत्रांच्या आज्ञांची घडणच निराळी, तीं फळें सारखीं असूंच शकत नाहींत. क्लँग लिनक्सवरच आणावा लागेल. आमचें अज्ञान असें उघडें पडल्यावर आम्ही अंथरुणाकडे वळलों. पहाटे स्नानास उठलों तों यंत्राचा पंखा घुरघुरतच होता आणि नातू टेबलावर डोकें ठेवून झोंपला होता.

सकाळीं पाहतों तों फळें जुळलीं नाहींत. क्षणभर आमच्याहि छातींत धस्स झालें. दुपारपर्यंत उलगडा झाला: दोन्ही वेळां त्यानें फोल्डरचीं नांवें वेगळीं ठेविलीं होतीं, आणि तीं नांवेंहि आंत उमटलीं होतीं. तोंवर सुटी संपली. कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या रात्रीं पुण्याहून फोन आला, “आबा, एकाच नांवानें बांधलें. अक्षरन्‌अक्षर जुळलें.”

विंडोजवरचें बांधकाम मात्र अर्धेंच राहिलें आहे. तें यंत्र त्याच्या वडिलांस रोज कामास लागतें.