आनंदाची बातमी आधी कुणाला सांगावीशी वाटते?

दोन मित्र, जंगल आणि अस्वल. इसापाची ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. अस्वल दिसताच एक जण मित्राला टाकून झाडावर चढतो. दुसरा श्वास रोखून जमिनीवर पडून राहतो. अस्वल त्याला हुंगते आणि निघून जाते. तात्पर्य आपल्याला पाठ आहे: संकटात सोडून जातो तो मित्र नव्हे.

तात्पर्य खरेच आहे, पण अडचण अशी की अस्वल रोज येत नाही. मोठे संकट आयुष्यात चार-दोन वेळाच येते आणि तेव्हा माणसे पारखायला बसलो तर उशीर झालेला असतो. शिवाय संकटात पुष्कळ लोक धावून येतातही. घरात आजारपण आले की शेजारी डबा आणतात, ऑफिसमधले सहकारी रक्त द्यायला येतात. ही माणुसकी आहे आणि तिचे मोल मोठे आहे. पण काही जणांना आपण अडचणीत असलो तरच आपण आवडतो. तेव्हा त्यांना सल्ला देता येतो, कीव करता येते. आपले दिवस पालटले की हीच माणसे हळूहळू लांब जातात.

मग रोजच्या जगण्यात मित्र ओळखायचा कसा? एक साधी कसोटी आहे. त्याला आनंदाची बातमी सांगून पाहा.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा अभ्यास केला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात, आपली चांगली बातमी ऐकून जवळचा माणूस कसा वागतो, याचे चार प्रकार मांडले आहेत. हा अभ्यास मुख्यतः जोडीदारांवरचा होता, पण मैत्रीत हे चारही प्रकार आपल्याला लगेच ओळखू येतात.

समजा, तुम्हाला बढती मिळाली आणि तुम्ही चार मित्रांना फोन केला.

पहिला म्हणतो, “अरे वा! कधी कळलं? साहेब काय म्हणाले? घरी सांगितलंस का? पेढे कधी देतोस?”

दुसरा म्हणतो, “छान. अभिनंदन.” आणि विषय संपतो.

तिसरा म्हणतो, “आता कामाचा बोजा वाढणार बघ. घरी वेळ देता येणार नाही. आणि पगार असा कितीसा वाढला असेल?”

चौथा म्हणतो, “बरं, ते असू दे. आज माझं काय झालं ते ऐक.”

या चौघांपैकी पहिल्यासारखे वागणारी माणसे ज्यांच्याजवळ होती, त्यांना आपल्या नात्यात जास्त जवळीक आणि समाधान वाटत होते. बाकी तीन प्रकारांत तसे दिसले नाही. पुढे २००६ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. जोडीदार दुःखाच्या गोष्टीला कसा प्रतिसाद देतो यापेक्षा आनंदाच्या गोष्टीला कसा देतो, याचा नात्याच्या सुखाशी अधिक जवळचा संबंध दिसला.

इथे कुणी विचारेल, “म्हणजे प्रत्येक गोष्टीला ‘वा वा’ करणारा तोच खरा मित्र का?” मुळीच नाही. तोंडावर गोड बोलणारे आपण कमी पाहिलेले नाहीत. तुम्ही घर घेतल्याचे सांगता तेव्हा खरा मित्र आधी मनापासून खूश होतो. मग दोन दिवसांनी, तुम्ही एकटे असताना विचारतो, “कागदपत्रं एखाद्या वकिलाला दाखवलीस ना?” खोटा मित्र तीच शंका चारचौघांत काढतो, तीही तुम्ही पेढ्यांचा बॉक्स उघडत असताना. शंका एकच असते, पण एकाला तुमचे घर सुरक्षित राहायला हवे असते आणि दुसऱ्याला तुमच्या आनंदावर विरजण घालायचे असते.

दुसऱ्यांचा आनंद सोसवेनासा झाला की माणूस कुठवर जातो, हे पंचतंत्रात फार छान सांगितले आहे. पंचतंत्राच्या पहिल्या भागाचे नावच ‘मित्रभेद’. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची ओळख दमनक नावाचा कोल्हाच करून देतो. पण त्या दोघांची मैत्री जमते आणि दरबारात आपले महत्त्व उरले नाही, असे दमनकाला वाटू लागते. मग तो सिंहाला जाऊन सांगतो, बैल तुझ्या जिवावर उठला आहे. बैलाला सांगतो, सिंह तुला मारणार आहे. शेवटी दोघे लढतात आणि बैलाचा जीव जातो. दोघांपैकी एकानेही समोरासमोर बसून “तू खरंच असं म्हणालास का?” एवढे विचारले असते, तर ही वेळ आली नसती. “तो तुझ्याबद्दल काय म्हणत होता, माहीत आहे?” असे सांगणारा कुणी तुमच्याकडे वरचेवर येत असेल, तर त्याच्याकडे जरा नीट लक्ष द्या. आणि ज्याच्याबद्दल ऐकले, त्यालाच सरळ फोन करा.

मात्र घाईने कुणावर शिक्का मारू नका. ज्याची स्वतःची नोकरी नुकतीच गेली आहे, त्याला तुमची बढती ऐकून पटकन हसता येणार नाही. जिच्या मुलाला कमी गुण मिळाले आहेत, ती तुमच्या मुलाच्या निकालावर एखादे वेळी गप्प राहील. एका दिवसावरून माणूस ठरत नाही. पण वर्षानुवर्षे तुमच्या प्रत्येक चांगल्या बातमीवर तोच थंडपणा किंवा तोच टोमणा मिळत असेल, आणि एखाद्याला आनंद सांगायच्या आधी तुम्ही तो थोडा लहान करून सांगू लागला असाल, तर मनाने उत्तर कधीच दिले आहे. अशा माणसाशी भांडायची गरज नाही. नमस्कार-चमत्कार राहू द्या, फक्त मनातले सांगायला दुसरी जागा शोधा.

आणि हीच कसोटी आपल्यालाही लावून पाहायला हवी. आज कुणी बंगळूरला, कुणी इंदूरला, कुणी परदेशात. शाळेतले सोबती आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर भेटतात. त्यांची आनंदाची बातमी येते आणि आपण अंगठा दाखवून पुढे सरकतो. मनात कधी थोडी असूयाही येते. ती कुणालाही येऊ शकते, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ती आल्यावर आपण काय करतो, हे मात्र आपल्या हातात असते.

म्हणून या आठवड्यात एवढेच करा. कुणी चांगली बातमी कळवली तर फोन उचला आणि दोन प्रश्न विचारा: “कसं झालं, सगळं सांग” आणि “घरचे काय म्हणाले?” मग मधे आपली गोष्ट न आणता पाच मिनिटे ऐका. नातवाला शाळेत बक्षीस मिळाले असो की आजींनी मोबाइलवरून पहिल्यांदा विजेचे बिल भरले असो, ही पाच मिनिटे दोघांनाही हवी असतात.