बकेट टाकण्याआधी काठ पाहा

तळी आणि पाणथळींतला गाळ काढण्याचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो: पोकलेनच्या बकेटमधून घडीव दगड, रंगीत खापरे किंवा हाडे वर आली तर कळवायचे कोणाला? तलाठी तहसीलदारांकडे बोट दाखवतो, तहसील म्हणते हा पुरातत्त्वाचा विषय, अभियंता म्हणतो अंदाजपत्रकात अशी बाबच नाही. तोवर डंपर शेतात रिता झालेला असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात ही बेफिकिरी चालणार नाही. प्रवरेच्या गोटेथरांत नेवाशाला पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकळियांना 1954 मध्ये मध्य पुराश्मयुगाची हत्यारे मिळाली. जवळच चिरकी येथे पुरातत्त्वज्ञ गुद्रुन कॉर्व्हिनस यांनी 1966 ते 1969 या काळात उत्खनन करून त्याहून जुन्या हातकुऱ्हाडी उजेडात आणल्या. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी जलाशयाचा, फुगवटा आणि त्याच्या पाणथळी याच खोऱ्यात आहेत. आपण जिथे पाणी आणि पक्षी परत आणू पाहतो, तिथेच आदिमानव पाण्यासाठी येत होता.

याच जिल्ह्यातील दायमाबादचा धडा विसरू नका. 1974 मध्ये झाडाची मुळे खणताना एका गावकऱ्याला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. एकूण वजन 60 किलोहून अधिक. वस्तू वाचल्या, पण त्या कोणत्या थरात होत्या याची नोंद झाली नाही. त्यांच्या काळाचा वाद आजही मिटलेला नाही.

आणि कायदा काय सांगतो? 1878 चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायला सांगतो. गारगोटीच्या छिलक्याची किंमत कोणी ठरवायची? प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या केंद्रीय कायद्यातील संरक्षण घोषित स्थळांपुरते. घोषित न झालेली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, उघड्यावर पडते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत वाळू उपशावर बंदी घालता येते, तर थर तपासण्याची एक अट का घालता येत नाही? युरोपातील देशांनी 1992 च्या व्हॅलेटा करारात अशा तपासणीचा खर्च मूळ कामाच्या खर्चातच धरण्याचे मान्य केले. आपल्याकडे त्यासाठी अंदाजपत्रकात एक ओळ पुरेल. शासनाने ती याच हंगामात घालावी आणि प्रत्येक कामाच्या फलकावर जबाबदार अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक लिहावा.

मात्र सगळा दोष शासनाचा नाही. काम बंद पडेल या धास्तीने खापरे गाळाखाली दडपणारे आपल्यातही आहेत. हे थांबले पाहिजे. यंत्र उतरवण्याआधी काठ आणि नदीचे छेद पायी फिरून पाहा. काही दिसले तर तेवढ्या जागेवरचे यंत्र बाजूला घ्या, बाकीचे काम चालू ठेवा. वस्तू उचलू नका; मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या, खोली आणि अक्षांश-रेखांश लिहा, जिल्हाधिकारी व पुरातत्त्व संचालनालय दोघांना पत्र द्या आणि पोच घ्या. त्या पत्राची एक प्रत आमच्याकडे पाठवा. उत्तर आले नाही तर ते पत्र आम्ही याच पानावर छापू.