विश्लेषण : मांजाची जखम नोंदीत का हरवते?

संक्रांत जवळ आली की नागपूर, नाशिक, येवल्याहून दुचाकीस्वाराचा गळा चिरल्याच्या बातम्या येऊ लागतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच. बंदीचा उपयोग किती झाला हे ठरवायचे, तर जखमी किती हे आधी कळायला हवे. ती मोजणी रुग्णालयाच्या केसपेपरपासून सुरू होते.

कोड काय सांगतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-१०’ वर्गीकरणात मानेच्या उघड्या जखमेचा कोड एस११ आहे. स्वरयंत्र आणि श्वासनलिका असेल तर एस११.०, थायरॉइड असेल तर एस११.१. मानेचा कोणता भाग हे लिहिलेलेच नसेल, तर एस११.९. जखमेत काही रुतले होते का, हे मात्र या कोडवरून कळत नाही. अमेरिकेत २०१५ पासून वापरात असलेल्या विस्तारित आवृत्तीत ते कळते. तिथे एस११.०२१ म्हणजे श्वासनलिका चिरली, आत काही नाही, एस११.०२२ म्हणजे तीच जखम, पण आत बाहेरची वस्तू. अमेरिकी रुग्णालयांसाठी हे काम पुण्यात, नवी मुंबईत बसून करणारे मराठी तरुणही आहेत. डॉक्टरांनी लिहिले नाही ते गृहीत धरायचे नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम.

मग अडते कुठे?

‘मानेला जखम, टाके घातले’ एवढ्या ओळीवर कोणताही कोडर एस११.९ च्या पुढे जाऊ शकत नाही. गर्दीच्या अपघात विभागात रक्त थांबवणारा डॉक्टर निबंध लिहीत बसणार नाही, हे मान्य. पण ‘गळ्याची पुढची बाजू, मांजा, तुकडा काढला’ हे लिहायला कितीसा वेळ लागतो? नायलॉनचा धागा साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही. तो टाक्यांखाली राहिला आणि आठ दिवसांनी पू झाला, तर दुसऱ्या डॉक्टरला आधार त्या ओळीचाच. विम्याचा दावा आणि पोलीस तपासही त्याच कागदावर उभे राहतात.

आणखी एक पेच आहे. जखम कशाने झाली यासाठी वेगळे कोड असतात, पण आयसीडी-१० मध्ये पतंगाच्या मांजाला स्वतंत्र कोडच नाही. कोडरने कितीही काळजी घेतली तरी ही जखम इतर कापण्या-टोचण्याच्या गर्दीत जाते. म्हणजे केसपेपरवरचा ‘मांजा’ हा शब्द गेला की सगळेच गेले.

यावर नवा कायदा नको, नवे सॉफ्टवेअरही नको. डिसेंबर-जानेवारीत अपघात विभागाच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा: मांजा, हो की नाही, आणि जागा कोणती, उड्डाणपूल, रस्ता की गच्ची. तेवढ्यावरून मांजाविक्रीवरचे छापे कोणत्या भागात आधी घालायचे आणि कोणत्या पुलावर दुचाकींना बंदी करायची, हे पोलिसांना ठरवता येईल.