पहिल्या नगाची मजुरी

फॅब्रिकेशनचं काम आपल्याकडे किलोवर ठरतं. ग्रिल, गेट, शेड यांना तो हिशोब चालतो. पण न वाकता कांदा भरता यावा म्हणून कुणी पोतं धरणारं स्टँड करून मागितलं, तर तो पहिला नग किलोवर कसा मोजायचा?

चांगला कारागीर आधी प्लायवूडच्या तुकड्यांवर उंची ठरवतो, वापरणाऱ्या बाईला समोर उभं करून बघतो. मग अँगल कापतो, चौकट गुण्यात धरून कोपऱ्यांना नुसते टाके मारतो आणि दोन्ही कर्ण मोजतो. वेल्ड निवताना आकसतो, चौकट ओढून घेतो. म्हणून तो एका बाजूने सलग वेल्डिंग न करता समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून घेतो. एवढं करूनही पहिला नग बहुधा पुन्हा कापावा लागतो. खरं डिझाइन त्या कापाकापीत घडतं, आणि त्याचेच पैसे कोणी देत नाही. याची आम्हाला चीड येते.

अशा करून बघण्यालाच शिक्षण मानणारी जागाही आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा अर्धवट सोडलेली मुलं तिथं गावाला लागणाऱ्या वस्तू बनवत शिकली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथं फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळाही आली.

तुम्ही जवळच्या वर्कशॉपात काही नवं करून घेणार असाल, तर त्या कापाकापीचेही पैसे कारागिराला मिळावेत म्हणून नमुन्याची मजुरी वेगळी ठरवा, मटेरियलचे पैसे आगाऊ द्या आणि दुरुस्तीच्या एक-दोन फेऱ्या आधीच धरा.